तारीख उलटल्यानंतर

सोमवार, रात्र

आज चाळीस आठवडे आणि पाच दिवस पूर्ण झाले. सकाळच्या तपासणीत डॉक्टरबाईंनी सांगितले की बुधवारी एक्केचाळीस आठवडे भरतात, तोपर्यंत कळा आल्या नाहीत तर दाखल व्हावे आणि औषधाने कळा सुरू कराव्यात. ‘करावेच लागेल’ असे त्या म्हणाल्या नाहीत. ‘माझा सल्ला हा आहे, घरी बोला आणि उद्या कळवा,’ एवढेच म्हणाल्या. त्यांनी हुकूम सोडला असता तर मी कदाचित मुकाट्याने ऐकले असते किंवा तितक्याच मुकाट्याने दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले असते. पण आता विचार मलाच करायचा आहे आणि घरातल्या प्रत्येकाकडे त्यावर मत तयार आहे.

मुळात तारीख उलटली म्हणजे कोणती, इथूनच मतभेद आहेत. आपल्याकडे नऊ महिने नऊ दिवस म्हणतात. दवाखान्यातला हिशेबही त्याहून फार वेगळा नाही: शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात नऊ महिने आणि सात दिवस मिळवायचे, म्हणजे साधारण २८० दिवस. नेगेल या जर्मन प्रसूतितज्ज्ञाच्या नावाने हा नियम ओळखला जातो. पाळी अठ्ठावीस दिवसांनी येते असे तो गृहीत धरतो. माझी पाळी मात्र नेहमीच पाच आठवड्यांच्या अंतराने येत आली आहे. त्यामुळे माझ्या फाइलमध्ये दोन तारखा आहेत, एक पाळीवरून काढलेली आणि दुसरी पहिल्या तिमाहीतील सोनोग्राफीवरून काढलेली, आणि त्या दोहोंत जवळपास एका आठवड्याचा फरक आहे. सासूबाई पाळीची तारीख धरतात, म्हणून त्यांच्या लेखी बेचाळीस आठवडे भरत आले आहेत आणि तरीही काही करू नये असे त्यांचे म्हणणे आहे; डॉक्टरबाई सोनोग्राफीची तारीख धरतात आणि त्या थांबू नये म्हणतात. त्या सुरुवातीच्या दिवसांत सगळ्या गर्भांची वाढ जवळजवळ सारख्याच वेगाने होत असते, म्हणून तेव्हाच्या मोजमापावरून काढलेली तारीख अधिक भरवशाची असते, आणि पुढच्या महिन्यांत बाळ लहान-मोठे दिसू लागले की तिच्यात बदल करायचा नसतो. सातव्या महिन्यात पहिल्यांदा सोनोग्राफी करणाऱ्या बाईला हा आधार मिळत नाही. मला तो आहे, तेव्हा मी डॉक्टरबाईंची तारीख मान्य केली. शिवाय नेमक्या तारखेला जन्मणारी मुले शंभरात चार-पाचच असतात, त्यामुळे ती तारीख चुकली याचे मला आठवडाभर काहीच वाटले नव्हते.

सासूबाईंचे म्हणणे असे की फळ पिकले की आपोआप गळते, ओढून काढू नये. बोलायला हे सुंदर आहे. परंतु फळाला वारेतून प्राणवायू घ्यावा लागत नाही. दिवस भरून बराच काळ गेला की वारेची क्षमता काही जणींत कमी होऊ लागते, गर्भजल घटते, बाळ पोटातच शी करण्याचा आणि ती त्याच्या श्वासात जाण्याचा संभव वाढतो, आणि बाळाची वाढ चालूच राहिली तर बाळंतपण अवघड होते. सगळ्यांत वाईट म्हणजे पोटातच बाळ जाण्याचा धोका. तो फार कमी असतो, पण एक्केचाळीस आठवड्यांनंतर तो वाढत जातो आणि बेचाळीसनंतर आणखी. म्हणूनच तारखेची खात्री असलेल्या स्त्रीला एक्केचाळीस आठवडे भरल्यावर कळा सुरू करण्याची शिफारस जागतिक आरोग्य संघटना करते, आणि दुसरी काही अडचण नसेल तर त्याआधी तसे करू नये असेही सांगते. हे दुसरे वाक्य मला पहिल्याइतकेच महत्त्वाचे वाटते, कारण ‘चाळीस भरले, चला’ अशी घाई झालेल्या दोघी-तिघी माझ्या ओळखीत आहेत.

आकडे मी पाहिले. २०२० च्या कॉक्रेन आढाव्यात, म्हणजे अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र करून घेतलेल्या आढाव्यात, ३४ चाचण्या आणि २१ हजारांहून अधिक स्त्रिया होत्या. कळा सुरू करण्याचे धोरण ठेवलेल्या गटात जन्माच्या आगेमागे दगावलेली बाळे ४ होती आणि वाट पाहणाऱ्या गटात २५. एक मृत्यू टाळण्यासाठी सुमारे ५४४ जणींना कळा सुरू कराव्या लागतात, असा त्याचा हिशेब निघतो. हा आकडा वाचून नवरा म्हणाला की म्हणजे ५४३ जणींना विनाकारणच की! आईला तोच आकडा सांगितला तर तिला फक्त तो एक दिसला. मी दोघांच्या मध्ये कुठेतरी आहे. स्वीडनमधील २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत २,७६० स्त्रिया होत्या. एक्केचाळीस आठवड्यांना कळा सुरू करायच्या की बेचाळीसपर्यंत थांबायचे, एवढीच तुलना होती, आणि थांबणाऱ्या गटात सहा बाळे दगावली, दुसऱ्या गटात एकही नाही, म्हणून ती चाचणी मुदतीपूर्वीच थांबवली गेली. सिझेरियनचे प्रमाण दोन्ही गटांत सारखेच होते.

आता माझी खरी भीती लिहिते, कारण ती बाळाविषयी कमी आणि रुग्णालयाविषयी जास्त आहे. आधी गर्भपिशवीचे तोंड मऊ करायला जेल, मग सलाईनमधून औषध, मग ‘तोंड उघडत नाही’, मग ‘ठोके कमी होत आहेत’, आणि शेवटी सिझर, हा क्रम ठाण्यातल्या निम्म्या तरी बाळंतिणींच्या तोंडून मी ऐकला आहे. संशोधन याच्या उलट सांगते. त्याच कॉक्रेन आढाव्यात कळा सुरू केलेल्या गटात सिझेरियन थोडे कमीच झाले. अमेरिकेत ६,१०६ पहिलटकरणींवर झालेल्या २०१८ च्या चाचणीतही, तीही एकोणचाळीस आठवड्यांना, कळा सुरू केलेल्यांत १८.६ टक्के आणि थांबलेल्यांत २२.२ टक्के सिझेरियन झाले. मग ओळखीतल्या बायका खोटे बोलतात का? अजिबात नाही. चाचणीत किती वेळ धीर धरायचा याचे नियम ठरलेले असतात. रात्री दोन वाजता, शनिवार-रविवारच्या तोंडावर, एखाद्या खासगी रुग्णालयात ते पाळले जातीलच असे नाही. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील खासगी रुग्णालयांतील बाळंतपणांपैकी ४७.४ टक्के सिझेरियनने झालेली दिसतात, सरकारी रुग्णालयांत हेच प्रमाण १४.३ टक्के आहे. खासगीत जाणाऱ्या स्त्रिया वेगळ्या असतात हे मान्य केले तरी एवढी मोठी दरी केवळ त्यामुळे पडत नाही. तेव्हा कळा सुरू करणे सुरक्षित आहे की नाही, याचे उत्तर मला मिळाले आहे. या रुग्णालयात, या डॉक्टरांच्या हाताखाली, ते धीराने केले जाईल का, याचे उत्तर कोणत्याही चाचणीत मिळणार नाही. ते उद्या तोंडाने विचारावे लागेल.

आणखी एक गोष्ट लिहून ठेवते. आजच्या सोनोग्राफीच्या अहवालात ‘वार ग्रेड तीन’ आणि ‘मानेभोवती नाळेचा एक वेढा’ असे दोन शेरे आहेत आणि ते वाचून आईचा चेहरा उतरला. दिवस भरल्यावर वार तशी दिसणे अगदी नेहमीचे आहे, आणि नाळेचा वेढा तर चार-पाच बाळांमागे एकाच्या मानेभोवती जन्माच्या वेळी सापडतोच. गर्भजल, ठोके आणि हालचाल ठीक असतील तर या दोन शेऱ्यांवरून कोणी घाईने शस्त्रक्रियेची भाषा केली, तर प्रश्न विचारायला हवेत. आमच्या डॉक्टरबाईंनी ते शेरे वाचून नुसते पान उलटले, हे मला फार आवडले.

मंगळवार, रात्र

दिवसभरात सल्ल्यांची भर पडली. गरम दुधातून एरंडेल घ्यावे, असे शेजारच्या काकूंनी सांगितले. त्याने पोट साफ होईल, जुलाब होतील आणि पाणी कमी पडून थकवा येईल एवढे नक्की, म्हणून ते मी नाकारले. खजूर आनंदाने खाल्ले. उपवन तलावाकाठी चालून झाले. ज्या मामींना औषधाने कळा आणणे निसर्गाविरुद्ध वाटते, त्यांनीच दुपारी फोन करून ‘घ्यायचेच असेल तर मूळ नक्षत्र टाळून घ्या’ असे सांगितले, तेव्हा निसर्गाला मुहूर्ताची सवलत आहे हे कळले.

संध्याकाळी डॉक्टरबाईंपुढे प्रश्नांचा कागद ठेवला. पहिला प्रश्न पिशवीच्या तोंडाचा होता. ते किती उघडले, किती पातळ झाले, किती मऊ आहे, कोणत्या दिशेला आहे आणि बाळाचे डोके किती खाली आले, या पाच गोष्टींना गुण देण्याची बिशप यांची पद्धत १९६४ पासून चालत आली आहे. एकूण १३ गुण, आठ किंवा अधिक असतील तर तोंड तयार आहे असे समजतात, सहा किंवा कमी असतील तर आधी ते मऊ करावे लागते. माझे चार आहेत. म्हणजे थेट सलाईन नाही. आधी जेल, किंवा मिसोप्रोस्टॉलच्या अगदी लहान मात्रेच्या गोळ्या, किंवा फोली कॅथेटरचा फुगा, म्हणजे तोंडात बसवून फुगवायची नळी. औषधांनी कधी कधी कळा फार जवळजवळ येतात आणि बाळाला उसंत मिळत नाही, म्हणून ठोक्यांवर लक्ष ठेवावे लागते. फुग्याने तसे सहसा होत नाही, पण पुढे सलाईनमधून ऑक्सिटोसिन हे कळा वाढवणारे औषध लागण्याची शक्यता अधिक असते. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणि डागा रुग्णालयात रक्तदाब वाढलेल्या ६०२ गर्भवतींवर मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या आणि फुगा या दोन पद्धतींची तुलना झाली होती आणि तोंडाने दिलेल्या गोळ्यांच्या गटात चोवीस तासांत नैसर्गिक प्रसूती झालेल्यांचे प्रमाण ५७ टक्के होते, फुग्याच्या गटात ४७ टक्के, असे मी वाचले होते. मला रक्तदाब नाही, त्यामुळे तो निष्कर्ष मला जसाच्या तसा लागू नाही, हे डॉक्टरबाईंनी लगेच सांगितले. त्यांच्या हाताला जेलची सवय आहे आणि मला ते पुरेसे कारण वाटले.

दुसरा प्रश्न मी सरळ विचारला: ‘प्रयत्न फसला असे तुम्ही कधी म्हणता?’ त्या थोड्या हसल्या आणि म्हणाल्या की तोंड मऊ व्हायलाच एक अख्खा दिवस जाऊ शकतो, तो मी प्रयत्नात मोजतच नाही. पाणमोट फोडून ऑक्सिटोसिन सुरू केल्यावर, आई आणि बाळ दोघे ठीक असतील तर, किमान बारा तास आणि जमल्यास अठरा तास थांबायचे. अमेरिकेतील प्रसूतितज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनांतही हेच बारा ते अठरा तास आहेत. त्यांना ते विचार न करता, पाठ असल्यासारखे सांगता आले, आणि माझा निर्णय तिथेच जवळजवळ झाला. रात्री भूलतज्ज्ञ रुग्णालयात असतात का, याचे उत्तर मात्र ‘बोलावल्यावर अर्ध्या तासात येतात’ असे मिळाले. औषधाने आणलेल्या कळा अधिक तीव्र वाटतात असे बऱ्याच जणी सांगतात आणि वेदना कमी करणारे इंजेक्शन भूलतज्ज्ञच देतात, तेव्हा हा अर्धा तास मला फारसा रुचलेला नाही.

तिसरा प्रश्न थांबण्याचा. बुधवारऐवजी शुक्रवार चालेल का? त्यांनी पुढच्या आठवड्यापर्यंत नेण्यास नकार दिला, पण एक-दोन दिवसांना हरकत घेतली नाही, कारण गर्भजल पुरेसे आहे आणि आजची एनएसटी, म्हणजे बाळाच्या ठोक्यांची नोंद घेणारी तपासणी, चांगली आली आहे. पिशवीच्या तोंडाशी बोटाने बाळाभोवतीचे पडदे सैल करण्याची क्रिया आजच करून घ्यावी, असे त्यांनी सुचवले. तिने काही जणींना आपोआप कळा येतात आणि औषधाची गरज पडत नाही. दोन मिनिटांचे काम होते, दुखले, आणि घरी येईपर्यंत थोडा रक्ताळ चिकट स्राव झाला, जो अपेक्षितच होता.

शेवटी मी होकार दिला, गुरुवार संध्याकाळसाठी. बुधवारी कळा येतात का ते पाहायचे. न आल्यास रात्री तोंड मऊ होण्याचे काम चालावे आणि मुख्य कळा दिवसा, सगळा कर्मचारीवर्ग हजर असताना याव्यात, म्हणून संध्याकाळ. यात घोडबंदर रस्त्याचाही वाटा आहे, हे लपवत नाही. कासारवडवलीच्या घरून नौपाड्याच्या रुग्णालयात जाताना मेट्रोची कामे आणि अवजड ट्रक यांच्यामध्ये गाडी कधी तास-दीड तास अडकून पडेल हे सांगता येत नाही, आणि तिथे कळा मोजत बसण्यापेक्षा ठरवून दाखल होणे मला पसंत आहे. सासूबाईंना हे वाहतुकीचे कारण सर्वांत आधी पटले; वारेचे आणि आकड्यांचे अजून पटलेले नाही.

तोपर्यंतच्या अटी नवऱ्याने फ्रिजवर लिहून लावल्या आहेत: बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी वाटली, पाणी गेले, पाण्याला हिरवट रंग दिसला, रक्तस्राव वाढला, डोके फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, यांपैकी काहीही झाले तर गुरुवारची वाट न पाहता लगेच निघायचे, तेही फोनवर कोणाचे मत न विचारता. बुधवारी सकाळी पुन्हा एनएसटी आहे आणि भूलतज्ज्ञांचा तो अर्धा तास खरोखर अर्धाच असतो का, हे मी तिथल्या परिचारिकांना विचारणार आहे.