दोघींचा एक वेग: आमची पहिली २०० किलोमीटरची ब्रेव्हे

सायकलवर लांब पल्ला गाठायचा तर एकटीनं जाणं तसं सोपं. दमलं की थांबायचं, जोर आला की सुटायचं, कुणाला विचारायला नको. दोघींनी मिळून जायचं म्हटलं की पहिला प्रश्न वेगाचा येतो. माझी मैत्रीण अंगानं हलकी आहे, चढावर ती सहज पुढे निघून जाते. माझं वजन तिच्यापेक्षा जास्त आणि पायांत ताकदही जास्त, त्यामुळे सपाट रस्त्यावर माझी सायकल पळते. यात चांगली-वाईट कुणी नाही. चढावर अंगाचा एकेक किलो वर ओढून न्यावा लागतो आणि सपाटीवर मुख्य झुंज हवेशी असते, त्यातून हा फरक येतो. पण २०० किलोमीटर एकत्र जायचं तर या फरकाचं काय करायचं ते घरातून निघण्याआधी ठरवावं लागतं. आम्ही ते ठरवलं होतं, आणि आमची राइड पूर्ण झाली ती मुख्यतः त्यामुळेच, असं माझं ठाम मत आहे.

आम्ही निवडली होती २०० किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेलं लांब अंतर ठरलेल्या वेळेच्या आत पूर्ण करायची राइड. अशा राइड जगभर ऑडॅक्स क्लब पॅरिसियन या फ्रान्समधल्या संस्थेच्या नियमांनुसार होतात. संस्था १९०४ सालची. वेळेची मर्यादा २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७ आणि ६०० ला ४० तास. ही शर्यत नसते, पहिला-दुसरा नंबर काढत नाहीत. सुरुवातीला एक कार्ड मिळतं, वाटेतल्या प्रत्येक कंट्रोलवर, म्हणजे तपासणीच्या थांब्यावर, त्यावर शिक्का आणि वेळ घ्यायची, आणि प्रत्येक कंट्रोल कधी बंद होणार ते आधीच ठरलेलं असतं. मदतीची गाडी मागे घेऊन जाता येत नाही. सोबतच्या माणसांची मदत घ्यायची ती फक्त कंट्रोलवर, मधल्या रस्त्यात जे काही होईल ते आपलं आपण निस्तरायचं. हा नियम मला मनापासून आवडतो. तो असल्यामुळेच सोबत असलेली एक मैत्रीण इतकी मोलाची ठरते.

साडेतेरा तासांत २०० म्हणजे थांबे धरून ताशी १५ च्या जरा खाली. चालवताना ताशी १८ ठेवला तर चालवण्याचे तास साधारण ११ होतात आणि खाणं, पाणी, शिक्के, पंक्चर यांना मिळून दोन तासांवर वेळ उरतो. मी हे गणित कागदावर मांडून दाखवलं तेव्हा मैत्रीण म्हणाली, "अगं, म्हणजे आपल्याला जोरात जायचंच नाहीये. आपल्याला फक्त थांबत बसायचं नाहीये." अगदी हेच. पहिल्यांदा लांब राइड करणाऱ्या बहुतेकांचा वेळ रस्त्यावर जात नाही, थांब्यांवर जातो.

सराव आम्ही काही महिने केला. दर आठवड्याला एक लांब राइड, आणि ती हळूहळू वाढवत न्यायची, इतकंच. त्यात सांगण्यासारखं फार नाही. सांगायचं आहे ते सायकलवरच्या बैठकीबद्दल. मैत्रिणीचा गुडघा पुढच्या बाजूनं दुखायचा, त्याचं कारण निघालं बसकी सीट. टाच पेडलवर ठेवून पेडल सर्वांत खाली नेलं की पाय सरळ व्हायला हवा. मग नेहमीसारखा पंजा ठेवला की गुडघ्यात हवा तेवढा बाक आपोआप राहतो. सीट थोडी थोडी वर घेत गेलो आणि दुखणं गेलं. दुसरी गोष्ट बायका एकमेकींशीही मोकळेपणानं बोलत नाहीत, म्हणून मुद्दाम लिहिते: पॅडच्या शॉर्ट्सच्या आत दुसरं काही घालायचं नाही. आतल्या कपड्याच्या शिवणीच घासतात आणि कातडी सोलवटते. जिथे घासण्याची शक्यता आहे तिथे निघतानाच क्रीम लावायचं. शंभराच्या पुढे हसत जायचं की रडत, हे पायांपेक्षा यावर जास्त ठरतं.

आता आमचे करार. जी त्या क्षणी कमजोर असेल तिचा वेग तो दोघींचा वेग. जिला पूर्ण वाक्य न धापता बोलता येत नाही तिनं लगेच सांगायचं, मनात ठेवायचं नाही. वाऱ्यात पाळीपाळीनं पुढे राहायचं. आणि भूक लागायच्या आधी खायचं, एकीनं खाल्लं की दुसरीनंही खायचं.

पहाटे सहाला सुटलो तेव्हा अंधार होता. पुढे पांढरा दिवा, मागे लाल, अंगात चमकणारं जॅकेट. सुरुवातीलाच एक मोठा घोळका भरधाव निघून गेला. अशा वेळी पाय आपोआप त्यांच्या मागे जायला बघतात. मैत्रीण शांतपणे म्हणाली, "बोल काहीतरी." मी तिला बहिणीच्या लग्नाचा एक किस्सा सांगायला घेतला आणि वाक्य मध्ये तोडावं लागलं नाही याकडे लक्ष ठेवलं. पहिली पन्नास किलोमीटर अशी गप्पांमध्येच गेली.

चढ लागला तेव्हा आम्ही दोघींनी सर्वांत हलका गिअर टाकला. जड गिअर रेटत गेलं तर गुडघे भरून येतात. हलक्या गिअरमध्ये पाय भराभर फिरतात, दम लागतो, पण स्नायू शाबूत राहतात. करार पाळायचा म्हणून ती माझ्याबरोबर राहिली. तिचा नैसर्गिक वेग यापेक्षा बराच जास्त होता हे तिच्या सायकलच्या डुलण्यावरून कळत होतं. यावर आम्ही नंतर बोललो, ते पुढे येईलच.

शंभरच्या कंट्रोलवर शिक्का घेतला, बाटल्या भरल्या आणि लगेच परत फिरलो. थोडं पुढे गेल्यावर माझं मागचं चाक मऊ लागायला लागलं. थांबून दाबून पाहिलं, हवा चाललेली.

पंक्चर काढणं मी घरी बसून शिकले होते, पण भर उन्हात रस्त्याकडेला ते वेगळंच असतं. सायकल सावलीत घेतली. चाक काढलं, लिव्हरनं टायरची एक कड उचलली, ट्यूब ओढून काढली. ट्यूब काढण्याआधी व्हॉल्व्ह टायरवर कुठे येतो त्याची खूण मैत्रिणीनं बोटानं धरून ठेवली. ही युक्ती लाख मोलाची आहे. ट्यूबमध्ये हवा भरून भोक सापडलं, मग ट्यूब त्या खुणेवर ठेवली की टायरमध्ये नेमकं कुठे शोधायचं ते कळतं. बाहेरून काही दिसत नव्हतं. टायरच्या आतून बोट अगदी हळू फिरवलं आणि टोचलं: केसाएवढी बारीक तार. ट्रकचे टायर फुटतात तेव्हा त्यांच्यातल्या अशा तारा रस्त्यावर पसरतात. चिमट्यानं ती बाहेर ओढली. ती तशीच राहिली असती तर नवी ट्यूबही दहा मिनिटांत बसली असती.

सोबतची नवी ट्यूब घातली आणि जुनीला तिथेच ठिगळ लावलं, कारण पुढे अजून नव्वदेक किलोमीटर होते आणि ट्यूब ती एकच. भोकाभोवतीचं रबर सँडपेपरनं घासलं, सोल्यूशनचा पातळ थर दिला आणि वाट पाहिली. ओल्या सोल्यूशनवर ठिगळ लावलं की ते निघून येतं. वरचा ओलसर चकाकता थर जाऊन तो मंद दिसू लागला की मग लावायचं आणि अंगठ्यानं जोर देऊन दाबायचं. तेवढ्यात मैत्रिणीनं नव्या ट्यूबमध्ये हवा भरली. छोट्या पंपानं हात भरून येतात, म्हणून शंभर तिचे, शंभर माझे. एकटी असते तर यात दुप्पट वेळ गेला असता.

मग वारा उठला. सकाळी पडलेला वारा दुपारी बहुधा उठतोच. ऊन चढलं की जमीन तापते, वरची वेगवान हवा खालच्या हवेत मिसळते. आमच्या नशिबी तो समोरून होता. वेग दुप्पट झाला तर हवेचा रोध चौपट होतो, आणि समोरचा वारा म्हणजे हवेच्या हिशेबात आपला वेग वाढवणंच. अशा वेळी मागच्या सायकलला जी आड मिळते तिचं महत्त्व कळतं. मी पुढे, ती माझ्या मागच्या चाकापासून साधारण एका चाकाच्या अंतरावर. मागचीनं समोरच्या चाकाकडे टक लावून बघायचं नाही, खांद्यावरून पुढचा रस्ता बघायचा. चाकाला चाक आडवं जाऊ द्यायचं नाही. पुढचीनं अचानक ब्रेक मारायचा नाही, आणि खड्डा दिसला की हात खाली करून दाखवायचा, ओरडूनही सांगायचं.

सर्वांत अवघड होती पाळी बदलण्याची वेळ. मागे आराम करून ताजी झालेली पुढे आली की नकळत वेग वाढवते आणि नुकतीच दमून मागे गेलेली सुटते. आम्ही त्यावर एकच उपाय ठेवला: पुढे येणारीनं पहिली काही मिनिटं मीटरवरचा आकडा तोच ठेवायचा. सपाटीवर मी जास्त वेळ पुढे राहिले, ते माझ्या ताकदीत बसत होतं. ती म्हणाली, "तू माझ्यासाठी दमतेस." मी म्हटलं, "अगं, चढावर तू माझ्यासाठी थांबलीस ना?"

१३८ व्या किलोमीटरला ती बोलेनाशी झाली. मी काही विचारलं की फक्त "हं". मागे वळून पाहिलं तर ती माझ्या चाकापासून चांगलीच लांब राहिली होती आणि तिला त्याचं भानही नव्हतं. थांबलो. चेहरा उतरलेला, हात थरथरत होते. वाऱ्यात गेल्या तासाभरात तिच्या घशाखाली फार काही उतरलंच नव्हतं, मळमळत होतं. आपले स्नायू आणि यकृत मिळून साधारण ४०० ते ५०० ग्रॅम साखर साठवतात. ती खाली यायला लागली की पाय तर जातातच, पण हुरूपही जातो, आणि माणसाला वाटतं की आपल्यातच काही दम नाही. म्हणूनच लांब राइडला तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत.

"तू पुढे हो गं," ती म्हणाली. "तुझं तरी कंट्रोल गाठलं जाईल."

मी कार्ड काढलं. पुढचं कंट्रोल १५० वर, सुटल्यापासून १० तासांनी, म्हणजे चार वाजता बंद होणार. वाजले होते दोन वीस. राहिले १२ किलोमीटर. अगदी ताशी १५ नं गेलो तरी पाऊण तासाच्या आसपास. मी तिला हे आकडे वाचून दाखवले आणि म्हटलं, "आपल्याकडे वीस मिनिटं आहेत. बस, पाय पसर." तिला साखर-मीठ घातलेलं पाणी घोटाघोटानं दिलं. नुसतं पाणी मुद्दाम भरपूर पाजलं नाही, कारण तासन्‌तास घाम गेल्यावर नुसतंच पाणी पीत राहिलं तर रक्तातलं सोडियम घसरतं. मग मऊ केळं, लहान लहान घासांनी. पंधराव्या मिनिटाला ती आपणहून म्हणाली, "तो वारा अजून आहे का गं?" तिचा आवाज परत आला होता. मला इतका आनंद झाला की मी तिला घट्ट मिठी मारली.

कंट्रोलवर साडेतीनच्या सुमारास पोचलो. शिक्का पडला. शेवटच्या पन्नास किलोमीटरमध्ये माझी करंगळी बधिर व्हायला लागली, तळहातावरच्या दाबानं तिथली नस दबते म्हणून. मी हात हॅन्डलवर सतत जागा बदलून ठेवू लागले, आणि दर काही मिनिटांनी पेडलवर उभी राहून सीटवरचा भार उतरवू लागले. मैत्रीण आता सावरली होती, पाळीला पुढे येत होती. ऊन उतरलं तसा वारा मंदावला. दिवे पुन्हा लावले. शेवटच्या कंट्रोलवर आम्ही तासभर हातात राखून पोचलो, दोघींच्या कार्डांवर एकच वेळ लिहिली गेली. तपासून झाल्यावर त्यांची नोंद ऑडॅक्स क्लब पॅरिसियनकडे होते आणि प्रत्येकीला तिचा नोंदणी क्रमांक मिळतो. याच वाटेनं पुढे दर चार वर्षांनी होणारी पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस येते, साधारण १२०० किलोमीटर आणि कमाल ९० तास, आणि त्यासाठी त्याच वर्षात २०० पासून ६०० पर्यंतच्या सगळ्या ब्रेव्हे पूर्ण कराव्या लागतात. ते आमच्यापासून अजून खूप लांब आहे.

आमचं आता ३०० चं ठरतंय. २० तास म्हणजे रात्रीचा मोठा भाग आलाच, त्यामुळे अंधारातल्या राइडचा सराव सुरू केला आहे. करारात एक बदल मैत्रिणीनं सुचवला आणि तो मला पूर्ण पटला: चढावर तिनं तिच्या लयीत जायचं आणि माथ्यावर थांबायचं. स्वतःच्या लयीपेक्षा हळू चढणंही दमवतं, असं ती म्हणाली. माथ्यावर मी पोचेपर्यंत तिनं काहीतरी खाल्लेलं असलं पाहिजे, ही अट माझी.