लोळवत आणा

दुपारी तीनला जिन्यात आवाज आला. खर्रर्र, ठण्ण, खर्रर्र. गॅसवाला. आत १४.२ किलो गॅस, वर साधारण तेवढंच लोखंड, पण हा गडी सिलिंडर किंचित तिरका करतो आणि कडेवर फिरवत, नाचवत आणतो. उचलणं फक्त पायरीपुरतं. मला हे बघायला फार आवडतं. बायकोला फरशीची काळजी.

नागपुरात महाल भागातल्या आमच्या घरी हिवाळा लागला की बंबासाठी जळतणाची बंडी यायची. लकडगंजातून. त्यात बाभळीचे ओंडके, ओले, गाठीगाठींचे. दीड फूट जाड नि तेवढाच लांब ओला ओंडका सत्तरेक किलोचा सहज भरतो, हे काकाला माहीत नव्हतं. समोरच्या गच्चीवर कोणीतरी उभं होतं, एवढंच त्याला माहीत होतं. त्यानं वाकून ओंडक्याला मिठी मारली आणि पुढचे आठ दिवस चटईवर काढले. घरभर महानारायण तेलाचा वास.

लाकूडफोड्या म्हणाला, "भाऊ, लाकडासंग कुस्ती नाही खेळाची. लोळवत आणा."

तो स्वतः तसंच करायचा. एका टोकाखाली सब्बल, सब्बलीखाली दगड, आणि ओंडका आपसूक उभा. घाव मधोमध नाही. आधी भेग शोधायची, भेग नसली तर कडेकडेनं ढलप्या काढत आत शिरायचं. गाठीत कुऱ्हाड अडकली, तर लाकडावर पाय रोवून ती उपटणाऱ्यांचा त्याला भयंकर राग. "असे लोक पाह्यले मी. मंग त्यायचा अंगठा नाही पाह्यला."

आणि पहिल्या घावाआधी अंगणातली पोट्टी मोजायचा. रोज. एकदा कुऱ्हाड वर गेली आणि तशीच थांबली.

"पाच होते. चार दिसून राह्यले."

पाचवा मी, ओंडक्यांच्या ढिगावर. खालचा एक ओंडका हलायला लागला होता, ते मला तिथून उतरवल्यावर कळलं.

गॅसवाला रिकामं सिलिंडर घेऊन निघाला. उतरताना पायरीपायरीवर आदळत नेतो, ठण्ण, ठण्ण. खालच्या वळणावर बिल्डिंगमधली पोरं खेळत होती. तीन. वरच्या मजल्यावरचं धाकटं कुठे दिसेना.

"थांबा हो जरा," मी म्हटलं.