शिक्का नसलेले अकरा तुकडे

गेल्या महिन्यात स्टोअरच्या मागच्या रॅकवरचे ७०७५ ॲल्युमिनियमचे (विमानाच्या पार्टला वापरतात त्या मजबूत मिश्रधातूचे) अकरा तुकडे मी नापास मालाच्या लाल पेटीत टाकायला लावले. प्रत्येक तुकडा वीतभर, सरळ कापलेला, कुठे डाग नाही. स्टोअरवाला पारोळ्याकडचा मुलगा. तो कळवळून म्हणाला, "ताई, माल ते चांगला शे!" माल चांगलाच होता. पण तो कोणत्या हीटचा, म्हणजे एकदम वितळवलेल्या कोणत्या घाण्याचा, आणि धातूच्या कारखान्याच्या कोणत्या दाखल्यावर (मिल सर्टिफिकेटवर) आला, हे त्या तुकड्यांवर कुठेच नव्हतं.

मी जळगाव एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपमध्ये क्वालिटी बघते. चौदा वर्षं गाडीचे पार्ट तपासले. बुश, स्लीव्ह, ब्रॅकेट. गाडीच्या पार्टसाठीच्या गुणवत्ता मानकाचं, आयएटीएफ १६९४९ चं, सर्टिफिकेट आमच्याकडे आहे, आणि आता विमानाच्या पार्टची पहिली ऑर्डर मिळाल्यामुळे विमान उद्योगाच्या तशाच मानकाची, एएस ९१०० ची, तयारी चालू आहे. आमचे मालक भाऊ पहिल्याच बैठकीत म्हणाले, "आयएटीएफ आहेच आपल्याकडे. चार कागद वाढतील, अजून काय?" हेच मला एमआयडीसीतल्या आणखी दोघांनी विचारलं, म्हणून लिहायला बसले.

पाया दोन्हींचा एकच, कोणत्याही धंद्याला लागू होणारं गुणवत्तेचं मानक आयएसओ ९००१:२०१५. सध्याच्या आवृत्त्याही दोन्हींच्या २०१६ च्याच. एएस ९१०० च्या पुस्तकात आयएसओचा मजकूर आतच छापलेला असतो. आयएटीएफच्या पुस्तकात तो नसतो, त्यामुळे आयएसओची प्रत शेजारी उघडी ठेवूनच वाचावं लागतं. इथवर भाऊंचं बरोबर होतं.

गाडी वेगळ्या रस्त्याला लागते ती नमुन्याच्या मंजुरीला. गाडीच्या पार्टचं पीपॅप (उत्पादन सुरू करण्याआधी ग्राहकाकडून घ्यायची मंजुरी) करताना एक ते आठ तासांचं सलग उत्पादन घ्यायचं, ग्राहकाने वेगळं सांगितलं नसेल तर कमीत कमी ३०० नग. त्यावरून सीपीके काढायचा, म्हणजे मापं दिलेल्या मर्यादेत किती सातत्याने बसतात हे सांगणारा आकडा. तो १.६७ च्या वर गेला की ग्राहकाचा जीव भांड्यात पडतो, कारण पुढचे लाखभर नग असेच निघतील असा त्याला भरवसा येतो. माझी सगळी नोकरी त्या भरवशावर झाली.

विमानाच्या ऑर्डरमध्ये वर्षाचे मिळून चाळीस नग आहेत आणि पहिली बॅच सहाची. सहा नगांवरून कसला सीपीके काढणार? तिथे एएस ९१०२ या मानकाप्रमाणे पहिल्या नगाची तपासणी करायची असते. ड्रॉइंगवरच्या प्रत्येक मापाला, कोपऱ्यातल्या प्रत्येक टीपेलासुद्धा फुग्यात नंबर द्यायचा आणि त्या नंबरापुढे निकाल लिहायचा. मापाला नुसतं 'ओके' लिहून भागत नाही, आकडा हवा. आमच्या तळहाताएवढ्या पार्टला १४३ फुगे झाले. मला तीन दिवस लागले. एवढं करून उत्पादनात दोन वर्षांचा खंड पडला, तर ही तपासणी पुन्हा करावी लागते.

आणि त्यातल्या दुसऱ्या फॉर्मवर मटेरियल लिहावं लागतं. कोणती हीट, कोणतं सर्टिफिकेट, ॲनोडायझिंग (ॲल्युमिनियमवर संरक्षक थर चढवणं) कोणी केलं. माल कुठून आला याचा माग ठेवायला आयएटीएफही सांगतंच, पण आम्ही तो बॅचपर्यंत ठेवून थांबायचो. रॅकवरचे अकरा तुकडे त्या सवयीतून साठले होते.

स्टोअरच्या पोरांना मी १९ जुलै १९८९ चा अमेरिकेतला सू सिटीचा अपघात सांगितला. डीसी-१० विमानाच्या शेपटीतल्या इंजिनाची टायटॅनियमची फॅन डिस्क हवेत फुटली आणि तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणा निकामी झाल्या. २९६ जणांपैकी ११२ गेले. फुटलेल्या डिस्कचे मोठे तुकडे तीन महिन्यांनी मक्याच्या काढणीत एका शेतात सापडले. दोष धातू वितळवतानाच राहिलेला होता, डिस्क १९७१ सालची. तपास करणारे जुन्या नोंदींपर्यंत गेले तेव्हा एकाच सिरियल नंबरच्या दोन डिस्क निघाल्या. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा रात्रभर झोप लागली नव्हती. मुलं ऐकत होती, मग त्यातल्या एकाने उठून स्वतःच रॅक तपासायला घेतला.

आणखी एक गोष्ट आपल्या खान्देशातच नीट कळते. लांबीच्या मापासाठी जगभर २० अंश तापमान धरलेलं आहे. मेमध्ये आमच्या शेडमध्ये पारा ४५ ला टेकतो. १०० मिलिमीटरचा ॲल्युमिनियमचा नग २५ अंशांच्या फरकाने साधारण ५७ मायक्रॉन वाढतो आणि ड्रॉइंगवर मापातल्या फरकाला सूट आहे ३० मायक्रॉनची. हातातला स्टीलचा मायक्रोमीटरही वाढतो, पण निम्म्यानेच. म्हणून नग रात्रभर एसी खोलीत ठेवून सकाळी मोजतो. गाडीच्या बुशला मी असा वेळ कधीच दिला नाही. द्यायला हवा होता, असं आता वाटतं.

खर्चाचा मोठा वाटा स्पेशल प्रोसेसचा, म्हणजे हीट ट्रीटमेंट, ॲनोडायझिंग अशा कामांचा, ज्यांचा दर्जा नुसत्या मोजमापाने कळत नाही. गाडीत हीट ट्रीटमेंटसाठी सीक्यूआय-९ या ठरलेल्या यादीची तपासणी पुरवठादार स्वतः करू शकतो. विमानाच्या आमच्या ग्राहकाला नॅडकॅप (विमान उद्योगाची स्पेशल प्रोसेससाठीची बाहेरची मान्यता) असलेलाच पुरवठादार हवा, म्हणून सहा नग ॲनोडायझिंगला बंगळुरूला जातात. भाऊंना मी हा खर्च आधीच दाखवला. कोणाला या कामात उतरायचं असेल, तर सर्टिफिकेटच्या फीआधी हे भाडं आणि हे दर विचारा.

चौदा वर्षं मात्र वाया गेली नाहीत. एफएमईए (काय बिघडू शकतं याचा आधीच विचार), गेज आर अँड आर (मोजण्यातली चूक तपासणं) आमच्या मुलांच्या हातात बसलंय, आणि विमानवाल्यांनीही २०१६ मध्ये एएस ९१४५ काढून गाडीवाल्यांचं एपीक्यूपी (दर्जाचं आधीपासूनचं नियोजन) आणि पीपॅप आपल्या पद्धतीने घेतलंच आहे.

आता रॉड आला की हीट नंबरचा शिक्का असलेलं टोक लाल रंगाने रंगवतो आणि कापायला दुसऱ्या टोकाकडून सुरुवात करतो. मधला तुकडा मशीनवर जायच्या आधी त्यावर नंबर कोरतो. परवा पारोळ्याच्या पोराने मला न विचारता एक वीतभर तुकडा बाजूला काढून ठेवला होता. त्यावर खडूने लिहिलं होतं, "नंबर नाही."