वडिलांचा कोयता

आमच्या भागात कोयता हे माणसं मोजायचं माप आहे. ऊसतोडीला जाणारी नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकटा गडी गेला तर अर्धा. मुकादम उचल म्हणजे आगाऊ पैसे देतो तेही कोयत्यावर. माझे आई-वडील बीड जिल्ह्यातून बावीस हंगाम असे कारखान्यांवर गेले. मी कोपीतच, म्हणजे तोडकऱ्यांच्या तात्पुरत्या झोपडीत वाढलो. आता पुण्यात एका वर्कशॉपमध्ये लेथ चालवतो, हडपसरला राहतो. वडील गेल्यावर त्यांचा कोयता आईने माझ्याकडे दिला होता.

मागच्या दिवाळीआधी आईने तो परत मागितला. मूठ हलत होती म्हणून लोहाराकडे नेऊन नवी बसवली, धार लावून घेतली. रात्री परत येताना नाकाबंदी लागली. कोयता पोत्यात गुंडाळून डिकीत ठेवला होता. विचारल्यावर जे खरं होतं ते सांगितलं. चौकीतल्या बाकावर तीन तास बसलो, माझा फोटो काढला, लोहाराशी फोनवर बोलणं झाल्यावर मला सोडलं. कोयता ठेवून घेतला. कागद मागितला तर म्हणाले, "गुन्हा दाखल केला नाही यातच समाधान मान." दोन दिवसांनी गेलो तेव्हा ड्युटीवर दुसरी माणसं होती आणि त्या कोयत्याबद्दल कुणालाच काही सांगता येईना.

मला अडवलं याचा राग नाही. जून २०२३ मध्ये सदाशिव पेठेत भर दिवसा एका मुलीमागे एक तरुण कोयता घेऊन धावला. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा एक मुलगा मध्ये पडला म्हणून ती वाचली. सप्टेंबर २०२४ मध्ये नाना पेठेत माजी नगरसेवक वनराज आंदेकर यांच्यावर गोळ्या झाडल्या आणि कोयत्याने वारही केले. आमच्या गल्लीत मिसरूडही न फुटलेल्या पोरांनी एका रात्रीत सात रिक्षांच्या काचा फोडल्या, त्यातली एक माझ्या शेजाऱ्याची. माझी मुलगी संध्याकाळी क्लासहून चालत येते. डिक्या तपासल्याच पाहिजेत.

मला टोचतं ते वेगळं आहे. त्यानंतर मी शस्त्र कायदा समजून घेतला. १९५९ च्या या कायद्यात बंदुकीचा परवाना नाकारला तर कारणं लेखी नोंदवावी लागतात आणि त्यावर अपील करता येतं. पुणे शहरात हे परवाने पोलीस आयुक्तांच्या अखत्यारीत येतात. म्हणजे ज्याला पिस्तूल हवं त्याला दाद मागायला वाट आहे. धारदार हत्यारांसाठी २०१६ च्या शस्त्र नियमांत माप दिलंय: पातं नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद. पण घरकामाची आणि शेतीची अवजारं त्यातून वगळली आहेत. कायदा करणाऱ्यांना कोयता काय कामाचा हे ठाऊक होतं. मात्र महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली जमावबंदीसोबत शस्त्रबंदीचे आदेश वारंवार निघतात, आणि ज्याने इजा होऊ शकते अशी कुठलीही वस्तू त्यात बसू शकते, अगदी काठीसुद्धा. मग कोयता अवजार की हत्यार हे रात्री साडेदहाला रस्त्यावर एक दमलेला हवालदार ठरवतो. बऱ्याचदा तो पातं बघत नाही, माणसाचे कपडे आणि बोलणं बघतो. माझं बोलणं बीडचं आहे.

ठरवावं त्यानेच, दुसरं कोण ठरवणार? पण काय घेतलं, का घेतलं, परत कुठे मिळेल, एवढं चार ओळींत लिहून सही करून द्यावं. बंदूकवाल्याला लेखी कारण मिळतं, तर ऊसतोड्याला का नाही? हंगाम सुरू झाला की पुणे जिल्ह्यातल्या कारखान्यांवर टोळ्याच्या टोळ्या उतरतात, आणि प्रत्येकाच्या बोचक्यात कोयता असतो.

नवा कोयता घ्यायला बोहरी आळीत गेलो. दुकानदाराने आधारकार्ड मागितलं, मी दिलं. कोवळ्या पोरांना तो कोयता विकतच नाही म्हणाला. मला बरं वाटलं. पण माझा नंबर आणि पत्ता त्याने ज्या वहीत लिहिला ती काउंटरवर उघडीच पडली होती, येणारा-जाणारा वाचू शकेल अशी. सांगितल्यावर त्याने ती गल्ल्यात ठेवली. मी पक्कं बिल घेतलं आणि त्यावर त्याच्याकडून "ऊसतोडीसाठी" असं लिहून घेतलं.

गावी आईने कोयता हातात तोलून पाहिला. "तुझ्या बापाचा हलका होता," म्हणाली. मग बिल मागून घेतलं, प्लास्टिकच्या पिशवीत घालून रेशनकार्डाशेजारी ठेवलं. संध्याकाळी भावकीतली दोन जोडपी टोळीबरोबर निघायच्या तयारीत होती. आई त्यांच्या दारात जाऊन विचारत होती, "कोयत्याचं बिल घेतलंय का रं बाबांनो?"

त्यांचे कोयते दहा-बारा वर्षांपूर्वी गावच्या लोहाराने घडवलेले. बिल कुठून असणार?