ऑगस्ट आला आणि स्क्रिप्ट अडली: रुबीत कमांड लाइन आर्ग्युमेंट्स वाचताना आलेला अनुभव

आमच्याकडे सर्व्हरच्या लॉग फाइलींचा महिन्याचा रिपोर्ट काढणारी, रुबी या प्रोग्रामिंग भाषेतली एक छोटी स्क्रिप्ट आहे, मीच लिहिलेली, आणि आता ती टीममधले तिघं-चौघं वापरतात. सुरुवातीला तिला दोनच गोष्टी सांगायला लागायच्या, महिना कुठला आणि फाइल कुठली, त्यामुळे एआरजीव्हीच्या, म्हणजे कमांडपुढे लिहिलेले शब्द (आर्ग्युमेंट्स) ज्या यादीत येतात तिच्या, शून्यावर महिना, एकवर फाइल, विषय संपला. सी वरून रुबीत आलेल्यांचा इथे हमखास गोंधळ होतो कारण सी मध्ये शून्यावर प्रोग्रामचं नाव असतं, रुबीत मात्र शून्यावर थेट पहिलं आर्ग्युमेंटच असतं आणि प्रोग्रामचं नाव पाहिजे तर ते वेगळं, डॉलर शून्यमध्ये मिळतं.

मग हळूहळू मागण्या वाढल्या. किती ओळी दाखवायच्या ते सांगता आलं पाहिजे, जुन्या फाइली झिप करता आल्या पाहिजेत, झिप करायच्या आधी नुसतं काय होईल ते बघता आलं पाहिजे. पाच आर्ग्युमेंट्स झाल्यावर कुठलं कितव्या जागी द्यायचं ते लक्षात राहीना, तेव्हा मी एक व्हाइल लूप लावला, एआरजीव्हीतून शिफ्ट करत एकेक काढायचं आणि केस-व्हेनमध्ये बघायचं की हे --लिमिट आहे का --मंथ आहे. माझ्यापुरतं छान चाललं. पण दुसऱ्या माणसाने --लिमिट २० ऐवजी मधे बरोबरचं चिन्ह टाकून --लिमिट=२० लिहिलं की ते पडायचं, आणि एक अक्षरी दोन ऑप्शन कोणी एकत्र जोडून दिले तरी पडायचं, आणि त्यात त्या लोकांची काहीच चूक नव्हती कारण बाकीच्या सगळ्या कमांड्सना असंच लिहायची सवय असते.

त्याच काळात अजून एक गोष्ट झाली जी मला आधी अजिबात कळली नाही. झिप करायच्या आधी स्क्रिप्ट विचारायची की करू का, वाय का एन, आणि उत्तर मी साध्या गेट्सने, म्हणजे एक ओळ वाचणाऱ्या मेथडने, घ्यायचे. एका दिवशी प्रश्न स्क्रीनवर आला आणि मी काही टाइप करायच्या आतच स्क्रिप्ट पुढे जाऊन "रद्द केलं" म्हणून बंद झाली. तीनदा चालवलं, तीनदा तेच. शेवटी उत्तराचा व्हेरिएबल पी लावून छापला तर त्यात लॉग फाइलची पहिली ओळ, तारीख-वेळेसकट अख्खी! रुबीत नुसतं गेट्स लिहिलं आणि एआरजीव्हीत काही शिल्लक असलं की रुबी त्याला फाइलचं नाव समजते आणि कीबोर्डऐवजी त्या फाइलमधून वाचते, आणि ते नाव एआरजीव्हीतून काढूनही टाकते. माझ्या लूपने ऑप्शन उचलले होते, फाइलचं नाव मागे राहिलं होतं, तेच उघडलं गेलं. फाइल नसती तर निदान "नो सच फाइल" असा एरर तरी आला असता, इथे फाइल खरीच होती म्हणून सगळं गुपचूप झालं. त्या ओळीची सुरुवात वाय ने झाली नाही म्हणून काही बिघडलं नाही एवढंच. उपाय एका शब्दाचा आहे, डॉलर एसटीडीइन लिहून त्याच्यावर गेट्स बोलवायचं, मग ते कीबोर्डवरूनच वाचतं. तेव्हापासून आर्ग्युमेंट्स घेणाऱ्या कुठल्याही स्क्रिप्टमध्ये मी उघडं गेट्स लिहीत नाही.

यानंतर मात्र मी लूप काढून टाकला आणि कमांड लाइनचे ऑप्शन वाचून देणारं ऑप्टपार्स घेतलं. ते रुबीच्या स्टँडर्ड लायब्ररीतच येतं, नोबू नाकाडा यांनी लिहिलेलं आहे, वेगळं जेम (रुबीची बाहेरून घ्यायची लायब्ररी) टाकायची गरज नाही आणि सर्व्हरवर जेम टाकायची परवानगी नसेल तर ही फार मोठी सोय आहे. एका कमांडच्या पोटात अनेक कमांड्स पाहिजे असतील तर थॉर हे जेम बघावं, रेल्स या रुबीच्या वेब फ्रेमवर्कच्या कमांड्स त्याच्यावरच चालतात, पण एका कामाच्या स्क्रिप्टला ऑप्टपार्स पुरेसं आहे असं माझं स्पष्ट मत आहे. प्रत्येक ऑप्शनसाठी ऑन लिहायचं, त्यात छोटं नाव, मोठं नाव, प्रकार आणि एका ओळीचं वर्णन, आणि त्याच वर्णनांमधून --हेल्प आपोआप तयार होतं. शेवटी पार्स बोलवायचं, किंवा उद्गारचिन्हवालं पार्स!, ज्याने ओळखलेले ऑप्शन एआरजीव्हीतून निघून जातात आणि नुसती फाइलींची नावं उरतात. मी नेहमी दुसरंच वापरते.

रुबी २.४ पासून पार्सला इन्टू म्हणून एक हॅश (नाव आणि त्याची किंमत अशा जोड्यांचा साठा) देता येतो, म्हणजे प्रत्येक ऑन ला ब्लॉक (तो ऑप्शन आला की चालणारा कोडचा तुकडा) लिहीत बसायला नको, सगळं आपोआप त्या हॅशमध्ये जमा होतं. मला हे फार आवडलं आणि मी लगेच सगळे ब्लॉक उडवले. आणि इथेच खरा फटका बसला. --ड्राय-रन देऊन स्क्रिप्ट चालवली, म्हणजे काही करू नकोस नुसतं दाखव, आणि तिने चाळीस फाइली खरोखर झिप केल्या. कारण असं की इन्टूवाल्या हॅशमध्ये जी की, म्हणजे जोडीतलं नाव, पडते ती ऑप्शनच्या मोठ्या नावावरून, मधल्या आडव्या रेघेसकट, म्हणजे ड्राय-रन. आणि माझा कोड बघत होता अंडरस्कोअरवाला ड्राय_रन. ती की हॅशमध्ये नव्हती, उत्तर आलं निल, निल म्हणजे नाही, म्हणजे ड्राय रन नाही, म्हणजे करा झिप. कुठेही एरर नाही. झिप उलटं करता येतं म्हणून निभावलं, तिथे डिलीट असतं तर काय झालं असतं याचा विचार मी त्या दिवशी बराच वेळ करत होते. आता मी हॅशमध्ये आधीच सगळ्या ऑप्शनच्या डीफॉल्ट किमती रेघेसकट लिहून ठेवते आणि वाचताना चौकटी कंस न वापरता फेच वापरते, नाव एका अक्षराने जरी चुकलं तरी कीएरर येतो आणि स्क्रिप्ट तिथल्या तिथे थांबते.

आता ऑगस्टची गोष्ट. ऑप्टपार्सवर मी मे महिन्यात आले होते. जुन्या कोडमध्ये महिना टू_आय ने आकड्यात बदलायचे, पण टू_आय ला काहीही द्या ते कुरकुर करत नाही, कोणी महिन्याच्या जागी अक्षरं टाकली तर शून्य देऊन मोकळं होतं. म्हणून नव्या कोडमध्ये मी --मंथला प्रकार दिला इंटिजर, म्हणजे आकडा नसेल तर सरळ एरर. मेचा रिपोर्ट निघाला, जूनचा निघाला, जुलैचा निघाला. ऑगस्टचा काढायची वेळ आली आणि सहकाऱ्याचा मेसेज आला, "अगं ती स्क्रिप्ट ०८ ला इनव्हॅलिड आर्ग्युमेंट म्हणतेय, मागच्या महिन्यात तर ०७ घेतलं होतं की तिने." मी करून बघितलं तर खरंच, --मंथ ०७ चालतं, --मंथ ०८ नाही, --मंथ ८ चालतं. लोक ०८ लिहीत होते कारण आमच्या फाइलींच्या नावातच महिना दोन आकडी आहे आणि तो तिथून कॉपी करणं साहजिक आहे.

मी कोडमध्ये फाइल नसण्याची, तारखेची, टाइमझोनची, सगळ्या शंका तपासल्या आणि मग आयआरबी (रुबीची एकेक ओळ टाइप करून चालवून बघायची सोय) उघडून इंटिजरला कंसात अवतरणचिन्हात ०७ दिलं, सात आलं. ०८ दिलं, आर्ग्युमेंटएरर. ०१० दिलं आणि उत्तर आलं आठ. ते आठ बघितल्यावर कळलं. पुढे शून्य असलं की रुबी तो आकडा अष्टमान पद्धतीचा समजते, म्हणजे ज्यात फक्त ० ते ७ हेच अंक असतात, आणि ऑप्टपार्सचा इंटिजर प्रकारही आतून हेच करतो. अष्टमानात ८ हा अंकच नाही, म्हणून ०८ ला नकार, ०९ लाही नकार, आणि ०१ ते ०७ हे दोन्ही पद्धतींत सारखेच असल्यामुळे सात महिने कोणालाच काही दिसत नाही. ही पद्धत सी सारख्या जुन्या भाषांकडून आलेली आहे आणि ती निरुपयोगी नाही, फाइलच्या परवानग्या ०६४४ अशा लिहितो तिथे हेच पाहिजे असतं. पण महिन्याला नको.

आणि मला जास्त काळजी ०८ ची नाही वाटली, ते निदान ओरडलं तरी. काळजी वाटली --लिमिटची, कारण तोही इंटिजरच होता, आणि कोणी ०१०० लिहिलं असतं तर शंभरऐवजी ६४ ओळी आल्या असत्या आणि रिपोर्ट बघून कोणालाही शंका आली नसती. उपाय ऑप्टपार्समध्येच आहे, इंटिजरच्या जागी डेसिमलइंटिजर लिहायचं, मग तो दशमानातच वाचतो आणि ०८ चे आठ होतात, आणि अक्षरं दिली तर एरर द्यायचा कडकपणाही तसाच राहतो. अष्टमानच पाहिजे असेल तर ऑक्टलइंटिजर असाही प्रकार आहे. मंथला तेवढा परत ब्लॉक देऊन त्यात मी अजून एक तपासणी घातली, १ ते १२ च्या बाहेर असेल तर इनव्हॅलिडआर्ग्युमेंट उचलायचा, म्हणजे १३ लिहिणाऱ्यालाही तसाच नीट मेसेज मिळतो.

अजून एक बारीक गोष्ट सांगते कारण ती शोधायला मला अर्धा दिवस लागला. ज्या ऑप्शनची किंमत दिली तरी चालते नाही दिली तरी चालते, ती चौकटी कंसात लिहितात. मी लिहिलं होतं --लॉग, मग स्पेस, मग [फाइल]. असं लिहिलं की ऑप्टपार्स कमांडमधला पुढचा शब्द, तो रेघेने सुरू होत नसेल तर, किंमत म्हणून उचलतं, त्यामुळे --लॉगनंतर लगेच दिलेली माझी खरी फाइलच गिळली जायची आणि स्क्रिप्ट म्हणायची फाइल दिलीच नाही. स्पेसच्या जागी बरोबरचं चिन्ह लिहून --लॉग=[फाइल] असं केलं की तो फक्त चिकटून दिलेली किंमतच घेतो. एका स्पेसने एवढा अर्थ बदलतो.

मोठ्या ऑप्शनची नावं अर्धी लिहिली तरी चालतात, --लिम लिहिलं तरी --लिमिट समजतं. हातानं टाइप करताना ठीक आहे पण आमच्या एका क्रॉनमध्ये (ठरलेल्या वेळी कमांड आपोआप चालवणारी सोय) कोणीतरी --लि एवढंच लिहून ठेवलं होतं, आणि मी --लिस्ट नावाचा नवा ऑप्शन घातल्यावर ते संदिग्ध ठरून बंद पडलं. क्रॉनमध्ये पूर्ण नावच लिहा अशी विनंती मी आता सगळ्यांना करते, नाहीतर रिक्वायर_एक्झॅक्ट ट्रू करून अर्धी नावं बंदच करता येतात.

एररसाठी पार्सएरर एकाच ठिकाणी पकडलाय, सगळे त्याच्याच पोटात येतात, मेसेज एसटीडीएररवर, म्हणजे एररसाठीच्या वेगळ्या आउटपुटवर, जातो, खाली वापराची एक ओळ, आणि एक्झिट कोड शून्य सोडून दुसरा, म्हणजे क्रॉनमागच्या स्क्रिप्टला कळतं की काम झालेलं नाही. आणि पार्सला एआरजीव्हीच द्यायला पाहिजे असं नाही, कुठलाही ॲरे चालतो, त्यामुळे टेस्ट लिहिणं एकदम सोपं आहे, खऱ्या कमांड लाइनची गरजच पडत नाही. माझ्या टेस्ट फाइलमध्ये आता ०१ पासून १२ पर्यंत सगळे महिने शून्यासकट आहेत, --लिमिटला ०१०० देऊन १०० येतात का ते आहे, आणि सगळ्यात वरची टेस्ट --ड्राय-रनची आहे, जी एका तात्पुरत्या फोल्डरमध्ये तीन फाइली बनवते, स्क्रिप्ट चालवते आणि तिन्ही जशाच्या तशा आहेत का ते बघते.