रांजणातली बाळे आणि मिसळणीचा काळ

नाशिकच्या गोदाकाठाने जाताना जुन्या गढीकडे माझी नजर वळतेच. १९५०-५१ मध्ये पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकळिया आणि शां. भा. देव यांनी नाशिक येथे आणि प्रवरेकाठच्या जोर्वे येथे उत्खनन केले, आणि दख्खनच्या एका ताम्रपाषाणयुगीन (तांबे व दगड दोन्हींची हत्यारे वापरणाऱ्या) संस्कृतीला जोर्वे हेच नाव पडले. हे लोक दगावलेल्या बाळाला दोन रांजणांत, तोंडाला तोंड लावून, घराच्या जमिनीखाली पुरत. नेवासा, दायमाबाद आणि इनामगाव येथे अशी दफने सापडली आहेत. इनामगावात प्रौढांचे पाय घोट्यापाशी तोडून पुरलेलेही आढळतात, पण ते का, या वादात मी पडत नाही. मला प्रश्न पडतो तो वेगळा: ही माणसे कोणाकोणाच्या मिसळणीतून झाली?

पूर्वी याचे उत्तर कवटी आणि नाक मोजून देत. आहाराने व चघळण्याच्या सवयीनेही कवटीची ठेवण बदलते, त्यामुळे त्या कोष्टकांवर उभे केलेले 'वंश' टिकले नाहीत. दातांची साक्ष अधिक भरवशाची, कारण बालपणी तयार झालेले दंतवल्क (दातावरचे कठीण आवरण) पुन्हा बदलत नाही, आणि त्यातील स्ट्रॉन्शियम या मूलद्रव्यावरून ते मूल कोणत्या खडकाच्या प्रदेशातील अन्नपाण्यावर वाढले हे ताडता येते. मात्र परक्या आईबापांचे इथेच वाढलेले लेकरू या कसोटीवर स्थानिकच ठरते.

पूर्वजांसाठी डीएनए हवा, आणि तो आपल्या उष्ण हवेत लवकर विरतो. हरियाणातील राखीगढी या सिंधू संस्कृतीच्या स्थळावरील ६१ नमुन्यांतून अभ्यासण्याजोगा डीएनए एकाच स्त्रीचा मिळाला, आणि २०१९ मध्ये त्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तिच्यात प्राचीन इराणशी नाते सांगणारा आणि दक्षिण आशियातील शिकारी-संकलकांचा अंश होता, स्टेपमधील (युरेशियातील गवताळ प्रदेशातील) पशुपालकांचा नव्हता. एकीवरून सगळ्यांबद्दल बोलणे धाडसाचे होते, पण तुर्कमेनिस्तानातील गोनूर आणि इराणमधील शहर-ए-सोख्ता या प्राचीन स्थळांवरील ११ जण तिच्याशी जुळल्याने तिची साक्ष एकाकी राहिली नाही.

मिसळणीचा काळ मात्र जिवंत माणसांच्या जनुकांतूनही मोजता येतो. पूर्वजांकडून आलेले सलग तुकडे पिढीगणिक तुटून आखूड होत जातात; त्यांच्या लांबीवरून २०१३ च्या एका अभ्यासाने भारतातील दोन प्राचीन पूर्वज-गटांची मिसळण सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीची ठरवली. जोर्वे संस्कृती सुमारे ३,४०० वर्षांपूर्वी सुरू झाली. म्हणजे रांजणातली ती बाळे या मिसळणीच्या ऐन काळात जन्मली. त्यांच्या पूर्वजांचा माग काढायचा तर आतल्या कानाभोवतीचे हाड पाहावे; ते तान्ह्या बाळातही चांगले घट्ट असते, आणि डीएनए सर्वांत जास्त टिकतो तो त्यातच.