कुग्लुकचा धबधबा

उत्तर कॅनडातल्या कॉपरमाइन नदीवरचं आमचं प्रवाहमापन केंद्र तपासायला यलोनाइफ शहरातून नदीच्या मुखावरच्या कुग्लुकटुक गावी पोचलो आणि कोरोनेशन आखातावरून दाट धुकं आलं. हेलिकॉप्टर उडणं शक्य नव्हतं. सोबतचा वाटाड्या, इथल्या इनुइट या मूळ रहिवासी समाजाचा, म्हणाला, "चला, धबधबा दाखवतो." बोटीने पंधरा-एक किलोमीटर वर गेलो.

लाक द ग्रा सरोवरातून निघालेली ही नदी 845 किलोमीटर वाहून इथे काळ्या खडकांच्या चिंचोळ्या वाटेत कोंडते. ऑगस्ट असल्याने 'आर्क्टिक चार' नावाचे मासे समुद्रातून वर चढत होते. काठावर दोन-तीन कुटुंबं उतरली होती. एक आजी मासे चिरून, केशरी मांसाला आडव्या चिरा देऊन दांडीवर वाळत घालत होत्या.

आमच्या नकाशावर ही जागा 'ब्लडी फॉल्स', म्हणजे रक्तरंजित धबधबा. हडसन बे कंपनी या ब्रिटिश व्यापारी कंपनीचा सॅम्युएल हर्न तांब्याच्या शोधात हडसन उपसागराच्या काठावरच्या चर्चिलहून पायी इथवर आला होता. 17 जुलै 1771 च्या पहाटे त्याच्यासोबतच्या डेने या दुसऱ्या मूळ रहिवासी समाजाच्या लोकांनी तंबूंत झोपलेल्या इनुइटांवर हल्ला केला. हर्नच्याच लेखी वीसहून अधिक माणसं मेली. ज्या तांब्यासाठी ही पायपीट, त्याचा दोन किलोही न भरणारा एक गोळा त्याला सापडला. नदीचं मुख त्याने 71 अंश 54 मिनिटे उत्तर अक्षांशावर नोंदवलं. खरं मुख त्याच्या जवळजवळ 450 किलोमीटर दक्षिणेला आहे. मोजमापावर पोट असलेल्या मला हा आकडा नेहमी खटकायचा. त्या दिवशी नावच जास्त खटकलं. अक्षांश पुढे दुरुस्त झाला, नाव मात्र छापलं जात राहिलं.

आजींना मी भीतभीतच त्याबद्दल विचारलं. हात न थांबवता त्या म्हणाल्या, "आम्ही याला कुग्लुक म्हणतो. आमची माणसं त्या नावाच्या आधीपासून इथे मासे धरतात." मग त्यांनी 1996 सालचं सांगितलं. डेने इथे आले होते, दोन्ही समाजांनी मिळून जुनी जखम भरून काढण्याचा विधी केला होता. त्याच वर्षी गावाचंही 'कॉपरमाइन' जाऊन 'कुग्लुकटुक' झालं. मारणाऱ्यांचे आणि मेलेल्यांचे वंशज याच खडकांवर एकत्र उभे राहिले, ही गोष्ट मला हर्नच्या सगळ्या प्रवासाहून मोठी वाटते. इथे येणाऱ्याला ती आधी कळायला हवी.

दुपारी धुकं विरलं. केंद्रावर जाऊन प्रवाह मोजला. इथल्या उद्यानाच्या नावात 'कुग्लुक' आधी येतं आणि 'ब्लडी फॉल्स' नंतर. अहवालात मी तोच क्रम ठेवला.